हॉटेलचा कचरा १०० किलोच्या काठावर आलाय, नागपुरात आता उचलणार कोण?

तर्री_झणझणीत
नमस्कार मंडळी. धरमपेठेत आमचं जेवणाचं हॉटेल आहे, वडिलांच्या काळापासूनचं. शेजारचा गाळा रिकामा झाला तो घेतला, मागे छोटा हॉल काढला. आता वाढदिवस, डोहाळजेवण, साखरपुडा अशा पंगती असतात. धंदा वाढला तसा कचराही वाढला.

सध्याची व्यवस्था अशी. सकाळी घंटागाडी येते. ती घरांचा घेते तसाच आमचा झाडलोटीचा नि थोडा ओला कचरा घेते. रात्रीचं खरकटं एक जण टेम्पोत ड्रम घेऊन येतो, तो नेतो. त्याचं डुकरं पाळण्याचं काम आहे. पुठ्ठा, बाटल्या, तेलाचे डबे कबाडी नेतो आणि वर पैसेही देतो. कोणाशी भांडण नाही, कोणाची तक्रार नाही.

आमचे सीए म्हणाले, १०० किलोच्या वर गेलात की तुम्ही 'मोठे कचरा निर्माते' ठरता, मग नोंदणी लागते, ओल्या कचऱ्याचं स्वतः बघावं लागतं. गल्लीतले बाकी हॉटेलवाले म्हणतात, काही नाही होत, बिनधास्त राहा. हे १०० किलो मोजायचे कसे? आणि वर गेलोच तर कचरा द्यायचा कोणाला? नियम नीट माहीत असलेल्यांनी सांगा. ऐकीव आमच्याकडे भरपूर आहे.

बर्डीचा_बाप्पा
भाऊ, पहिले वजन तं कर! काटा आहे ना घरी, तांदूळ मोजतो त्यो? आन् मटन-चिकन राहते का तुमच्याकडे? त्याचं खरकटं येगळं, हाडं येगळी. सगळं एकाच ड्रममधी टाकून राहिले असान तं कोनीच नाही नेणार उद्या.

कागदी_घोडा
मी विदर्भातल्या एका नगरपरिषदेत स्वच्छता विभागात होतो, आता निवृत्त. नागपुरात नोकरी केली नाही, पण नियम देशभर एकच आहेत, म्हणून सांगतो.

१०० किलोची रेघ २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतून आली. त्यात दिवसाला सरासरी १०० किलोहून जास्त कचरा काढणारी कोणतीही आस्थापना 'बल्क वेस्ट जनरेटर', म्हणजे तुमच्या सीएंचा 'मोठा कचरा निर्माता', धरली होती, आणि सगळ्या प्रकारचा कचरा मिळून हे वजन धरायचं होतं. ओला तेवढा मोजून 'माझा ८० किलोच' म्हणणारे पुष्कळ पाहिले. पुठ्ठ्याचे खोके, बाटल्या, कबाड्याला विकलेला माल, टेम्पोवाल्याने नेलेलं खरकटं, सगळं त्यात येतं. तुमच्या आवारातून कचरा म्हणून बाहेर पडला की तो तुमचा.

१ एप्रिल २०२६ पासून नवे नियम आले आहेत. तुम्हाला लागू पडणाऱ्या गोष्टी तीन.

पहिली, वर्गवारी चार प्रकारची झाली. ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. हॉलच्या बाथरूममधले सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर सुक्यात टाकायचे नाहीत. ट्यूबलाइट, रंगाचे डबे, मुदत गेलेली औषधं विशेष काळजीत.

दुसरी, मोठा निर्माता ठरण्याच्या कसोट्या तीन आणि त्यांच्यामध्ये शब्द आहे 'किंवा'. २०,००० चौरस मीटर बांधकाम, किंवा दिवसाला ४०,००० लिटर पाणी, किंवा दिवसाला १०० किलो कचरा. एक लागू पडली तरी पुरे. जेवणाच्या साध्या हॉटेलला पाण्याची कसोटी सहसा लागत नाही. लॉज असलेल्यांनी मात्र टाक्या किती वेळा भरतात ते एकदा बघावं.

तिसरी, मोठ्या निर्मात्याने ओला कचरा शक्यतो आपल्याच जागेत जिरवायचा. जागाच नसेल तर तेवढी जबाबदारी दुसरीकडे पार पाडल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं. शिवाय केंद्रीय पोर्टलवर नोंदणी.

आता माझं मत. रेघेच्या अलीकडे की पलीकडे याची चिंता तुम्ही नंतर करा. आधी स्वतःला विचारा, की उद्या कोणी दारात येऊन 'काल रात्रीचं खरकटं कुठे गेलं?' असं विचारलं तर दाखवायला काय आहे? टेम्पोचा नंबर तरी लिहून ठेवला आहे का?

तर्री_झणझणीत
काका, खरं सांगू? टेम्पोवाल्याचा मोबाइल नंबर आहे, बाकी काही नाही.
वजनाचं करतो. आजपासून ड्रम काट्यावर ठेवूनच बाहेर जाईल.

सदरची_सुगरण
मी टिफिन सर्विस चालवते, माझा कचरा दहा-बारा किलोच्या वर जात नाही. म्हणजे मी सुटले ना? 😀

कागदी_घोडा
ताई, मोठ्या निर्मात्याच्या जबाबदारीतून सुटलात, वेगळं करून देण्यातून नाही. ते घरालाही आहे, पानठेल्यालाही आहे. तुमचा ओला वेगळा असेल तर घंटागाडीतच देत राहा.

दंडाचं म्हणाल तर नागपूर महापालिकेचं उपद्रव शोध पथक आहे. त्याच्या कारवाईची बातमी पेपरात नेहमी येते, त्यात ठरलेली यादी असते. हातगाडी, पानठेला, भाजीवाला यांनी आजूबाजूला कचरा केला तर ४०० रुपये. दुकानदाराने रस्त्यावर, फुटपाथवर टाकला तर ४००. दवाखाने, पॅथलॅबना २,०००. मॉल, उपाहारगृहं, लॉज, मंगल कार्यालयं, कॅटरर यांनाही २,०००. हा उघड्यावर टाकल्याचा दंड झाला. प्लॅस्टिकचं वेगळं. राज्याच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. टिफिन पार्सलच्या पिशव्या तपासून घ्या. कचऱ्यापेक्षा हॉटेलवाले त्यातच जास्त अडकतात.

पारडीकर
धरमपेठेतल्या लोकांना कचरा घरासमोरून गेला की संपला असं वाटतं. आम्ही पूर्वेला राहतो, तो आमच्याकडे येतो. उन्हाळ्यात भांडेवाडीच्या कचरा डेपोला आग लागली की पारडी, वाठोड्यापर्यंत खिडक्या बंद करून बसायचं. आग कोणी लावतं असं नाही. ओलं-सुकं एकत्र दाबलं गेलं की आत कुजून मिथेन धरतो, वर मे महिन्यातलं पंचेचाळीस डिग्रीचं ऊन. जुन्या ढिगावर बायोमायनिंग झालं, माती वेगळी, प्लॅस्टिक वेगळं काढलं, चांगली गोष्ट आहे. पण शहराचा रोजचा हजार टनांवरचा कचरा थांबत नाही ना.

मला विचाराल तर हॉटेलांचा ओला कचरा घरांच्या गाडीत पडूच नये. घराचा ओला म्हणजे भाजीची देठं, चहाचा चोथा. हॉटेलचा म्हणजे रस्सा, तेल, भात. एक ड्रम ओतला की गाडीतला सगळा पुठ्ठा नि कागद भिजून वाया.

रात्रपाळी
+१. हे गाडीवरच्या माणसाला विचारा. पाण्याने भरलेला ड्रम दोघांनी उचलायचा आणि हातमोजे फाटलेले.

जर्सीतला_वऱ्हाडी
मूळचा हिंगणघाटचा, शिक्षण नागपूर, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत. न्यू यॉर्कच्या जॅक्सन हाइट्स भागातल्या दोन-तीन देशी रेस्टॉरंटचे हिशोब मी बघतो, म्हणून तिकडची पद्धत जवळून माहीत आहे. तुलना म्हणून सांगतो, 'अमेरिकेत बघा कसं' असा सूर काढणार नाही, कारण तिथला इतिहास काही फार सोज्वळ नाही.

न्यू यॉर्क शहर घरांचा कचरा स्वतः उचलतं, धंद्यांचा १९५७ पासून उचलत नाही. दुकान, हॉटेल, ऑफिस, प्रत्येकाने खासगी कचरावाहक लावायचा. झालं असं की हा धंदा संघटित गुन्हेगारांच्या टोळ्यांनी वाटून घेतला. तुमचं दुकान कोणत्या वाहकाचं ते ठरलेलं. दुसऱ्याकडे भाव विचारला तरी तो द्यायचा नाही, नि भाव वाढतच जायचा. १९९५ मध्ये मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांनी मोठे खटले भरले, १९९६ मध्ये शहराने वेगळा आयोग नेमला. आज त्याचं नाव बिझनेस इंटेग्रिटी कमिशन. परवाना देण्याआधी हे लोक कंपनीच्या मालकांची पार्श्वभूमी तपासतात, आणि वाहकाने जास्तीत जास्त किती दर घ्यायचा तेही ठरवतात.

दुकानदारावरही बंधन आहे. आपला कचरा कोण उचलतो त्या परवानाधारकाचं नाव लिहिलेला स्टिकर दाराच्या काचेवर, रस्त्यावरून वाचता येईल असा लावायचा. तपासनीस आत यायच्या आधीच त्याला अर्धी माहिती मिळते. पुठ्ठा, कागद, धातू, काच, प्लॅस्टिक वेगळं देणं सगळ्या धंद्यांना सक्तीचं आहे, आणि ठरावीक आकाराच्या वरच्या खाद्यधंद्यांना अन्नाचा कचराही वेगळा द्यावा लागतो. स्वतःच्या गाडीने न्यायचा असेल तरी नोंदणी लागते.

आता त्यातही बदल चाललाय. टोळ्या गेल्या, पण एकाच रस्त्यावर रात्री डझनभर कंपन्यांचे ट्रक धावायचे. प्रत्येकाची दोन-चार गिऱ्हाइकं, मग वेग, अपघात, थकलेले ड्रायव्हर. म्हणून २०१९ च्या कायद्याने शहराचे २० विभाग पाडले आणि एका विभागात जास्तीत जास्त तीनच वाहक ठेवायचे ठरलं. पहिला विभाग क्वीन्सचा मधला भाग, २०२५ च्या सुरुवातीला लागू झाला. जॅक्सन हाइट्स त्यातच येतं, त्यामुळे माझ्या गिऱ्हाइकांना नवे करार करावे लागले.

इतवारीचा_उधारखाता
म्हणजे आपल्याकडे उलटं आहे. आपल्याकडे दहा झोन दोन कंत्राटांत वाटले, पाच-पाच, आणि घरं-दुकानं सगळी त्याच गाडीत. तुमच्याकडे आधी मोकळं सोडलं नि मग विभाग पाडले. पण एक शंका. तीनच वाहक म्हटल्यावर ते तिघं मिळून भाव नाही वाढवणार? मस्कासाथीत तीन दलाल एकत्र बसले की डाळीचा भाव काय होतो ते आम्हाला विचारा.

जर्सीतला_वऱ्हाडी
रास्त शंका आहे. म्हणून तर निविदेतच दर लिहून घेतले आणि त्याच्या वर जायला बंदी. दुकानदाराला तिघांपैकी कोणालाही निवडता येतं. तरी काही छोट्या दुकानदारांचं बिल वाढलं, हेही खरं. फुकट काही नाही. आता लेखी करार असतो, कोणत्या वाराला काय उचलणार हे त्यात असतं, एवढा मात्र फरक पडला.

बर्डीचा_बाप्पा
आमच्या गल्लीत स्टिकर लावाचं म्हटलं तं काचीवर जागाच नाही राह्यली बाप्पा. क्यूआर कोड, झोमॅटो, नो पार्किंग, लिंबू-मिरची... 😂
पन कल्पना खराब नाही हं. कोन नेते ते नाव तं दिसलं पाह्यजे.

कबाड_घराणं
आमचं तीन पिढ्यांचं भंगाराचं दुकान आहे, आता भाऊ आणि मी बघतो. धाग्यात कबाड्याचा उल्लेख एका वाक्यात आटोपला म्हणून लिहिते.

नागपुरात धंद्यांचं रिसायकलिंग कोण करतं? आम्ही करतो. नियम यायच्या आधीपासून. फेरीवाला तुमच्या दारातून पुठ्ठा उचलतो, संध्याकाळी छोट्या दुकानात तोलून देतो, तिथून ते मोठ्या गोदामात जातं, तिथे बायका बसून एकेक प्रकार वेगळा करतात, गठ्ठे बांधले जातात, मग कारखान्यात. पेटची बाटली, दुधाची पिशवी, ॲल्युमिनियम, तांबं, पुठ्ठा, वर्तमानपत्र, सगळ्याला वेगळा भाव, आणि तो रोज बदलतो.

हॉटेलच्या मालाचं दुखणं वेगळं. पुठ्ठा घ्यायला आम्ही तयार आहोत, पण तो फ्रीजरच्या बाजूला ओल्या फरशीवर टाकलेला असतो. ओला पुठ्ठा जड होतो, तुम्हाला वाटतं वजन चांगलं भरलं, आम्हाला घट धरावी लागते, मग वाद. सॉसच्या बाटल्या धुतलेल्या नसतात, गोदामात माशा नि उंदीर. चहाचे कागदी कप द्यायला तर लोक फार उत्सुक! त्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, आम्हाला त्याचे काही मिळत नाहीत. पार्सलचे फॉइलचे डबे रश्श्याने माखलेले. चिप्सची, मसाल्याची चकचकीत पाकिटं. थर्माकोल. हे कबाडी घेत नाही, घंटागाडीतच द्या, पण सुक्यात द्या.

आणि कागदपत्रांचं. कागदी_घोडा काकांचा मुद्दा पटतो, पण नुसता हॉटेलवाल्याला लागू करून भागणार नाही. फेरीवाल्याकडे बिलबुक कुठून येणार? नियमांत कचरावेचकांना ओळखून घेऊन ओळखपत्र द्यायचं २०१६ पासून लिहिलेलं आहे. आम्ही आमच्या दुकानातून महिन्याचं एक चलान द्यायला सुरुवात केली आहे, तारीख, माल, वजन. आधी गिऱ्हाइकं हसायची. आता एका कोचिंग क्लासवाल्याने आणि दोन हॉटेलवाल्यांनी मागून घेतलं.

तर्री_झणझणीत
ताई, हे चलान आमच्या कबाड्याला सांगू का? त्याला फॉर्म बनवून दिला तर?

कबाड_घराणं
नक्की. फार काही नाही लागत. तारीख, हॉटेलचं नाव, मालाचा प्रकार, वजन, नेणाऱ्याची सही, पुढे कोणत्या गोदामाला दिलं ते. साधं कार्बनचं पुस्तक. पण त्याला आधी चहा पाजा, नाहीतर त्याला वाटेल तुम्ही टॅक्सवाल्यांना बोलावताय.

पशुपक्षी
मी पशुवैद्यक आहे. खरकट्याच्या टेम्पोबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. हॉटेलचं उष्टं डुकरांना घालणं ही जुनी पद्धत आहे, त्यात अन्न वायाही जात नाही. पण आफ्रिकन स्वाइन फीव्हर पसरण्याची एक मुख्य वाट हीच आहे. डुकराचं मांस असलेलं उष्टं न उकळता दुसऱ्या डुकरांना घातलं की विषाणू पोचतो. माणसाला तो होत नाही, पण कळपच्या कळप जातो, लस नाही म्हणावी अशी स्थिती, मग आजूबाजूची डुकरं मारावी लागतात. तुमच्याकडे डुकराचं मांस बनत नसलं तरी टेम्पोवाला दहा हॉटेलांचं एकाच ड्रममध्ये घेतो. त्याला एवढंच विचारा, की उकळून घालता का?

दुसरं, त्यातल्या दातकाड्या, टिश्यू, प्लॅस्टिकचे चमचे. जनावराच्या पोटात काय काय निघतं ते मी इथे लिहीत नाही, लोक जेवताना वाचत असतील.

मेसवाली_ताई
हिंगणा रोडला आमची हॉस्टेलची मेस आहे. आम्ही बायोगॅस बसवला, त्याचा अनुभव सांगते, म्हणजे विकणाऱ्यांच्या गोड बोलण्याला फसणार नाही.

ढोबळ गणित: १०० किलो ओल्या कचऱ्यापासून साधारण ८ ते १० घनमीटर गॅस, म्हणजे सुमारे ४-५ किलो एलपीजीएवढी आच. १९ किलोचं कमर्शियल सिलिंडर धरलं तर चार-पाच दिवसांना एक वाचतं. हे सगळं नीट चाललं तर. आमच्याकडे भात, पोळी, डाळ, भाजी असते, त्यावर उत्तम चालतं. दोन गोष्टींनी बिघडतं.

एक म्हणजे तेल. मेसच्या पातळ वरणाला त्रास नाही. सावजी पद्धतीच्या रश्श्याचं तेल टाकीत वर साय धरतं आणि गॅस अडतो. आधी जाळी आणि तेल अडवणारा ट्रॅप लावा, ते वरचं तेल वेगळं काढा.

दुसरं म्हणजे, हसू नका, संत्री. हिवाळ्यात मुलांना रोज संत्री दिली, सालं बायोगॅसमध्ये टाकली आणि गॅस बसला. नंतर कळलं की सालीतल्या तेलात लिमोनीन असतं, ते मिथेन करणाऱ्या जिवाणूंना मारक. लिंबाच्या सालीचंही तेच. आता सालं वेगळी वाळवून खतात थोडी थोडी घालतो. ज्यूस सेंटर चालवणाऱ्यांनी बायोगॅसचा विचार करण्याआधी हे लक्षात घ्या. नागपुरात हे सांगावं लागतं म्हणजे कमाल आहे.

धरमपेठेत गाळ्याच्या मागे टाकीला जागा आहे का हा खरा प्रश्न. नसेल तर बंद डब्यातलं कंपोस्टिंग मशीन, पण त्याला वीज, लाकडाचा भुसा आणि रोज लक्ष देणारा एक माणूस लागतो. तो माणूस सुट्टीवर गेला की शेजारी वासाची तक्रार घेऊन येतात.

पेठेतला_पाहुणा
पुण्यातून डोकावतो. आमच्याकडे २००८ पासून कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघरी आणि दुकानांतून कचरा घेते. त्यांना महिन्याचं शुल्क मिळतं आणि सुका माल विकण्याचा हक्कही त्यांचाच. ज्या बाईने कचरा वेचायचा तिलाच अधिकृत वाहक केलं की वरचा कागदपत्रांचा प्रश्न बराच सुटतो. अर्थात कंत्राटाच्या नूतनीकरणाला दरवेळी रस्सीखेच असतेच.

बर्डीचा_बाप्पा
पुण्याहून सल्ला आला, धागा आता पावन झाला. 🙏 (मजाक करतो भाऊ, मुद्दा बराबर आहे.)

पेठेतला_पाहुणा
सल्ला दुपारी १ ते ४ बंद असतो, तुम्हाला वेळेत मिळाला.

पोहे_रामदासपेठ
माझा सकाळचा पोह्यांचा ठेला आहे. तुम्ही सगळे हॉटेलवाले, मशीनवाले. माझ्याकडे कागदाच्या प्लेटा नि चमचे, एक चुंगडी भरते. घंटागाडी येते तेव्हा मी गर्दीत असतो. कधी चुकते, मग चुंगडी दुपारपर्यंत झाडाखाली. कुत्रे फाडतात, दंड मला.

कागदी_घोडा
दादा, तुमचं गाऱ्हाणं खरं आहे. व्यापारी भागासाठी गाडीची वेळ धंद्याच्या वेळेशी जुळवून द्यायला हवी. पोह्यावाल्याला दहानंतर, रात्रीच्या खाऊगल्लीला बारानंतर. तुमच्या रांगेतले आठ-दहा ठेलेवाले मिळून झोनच्या स्वास्थ्य निरीक्षकाला लेखी द्या, की आम्ही एकाच जागी, झाकणाच्या दोन डब्यांत ठेवतो, अमुक वेळेला गाडी पाठवा. एकट्याचं तोंडी सांगणं हवेत जातं. दहा सह्यांचा कागद आवकला लागला की त्याचं उत्तर द्यावं लागतं.

रात्रपाळी
आणि चुंगडीऐवजी झाकणाचा डबा घ्याच. न्यू यॉर्कचं वर कोणीतरी लिहिलंय ना, तिथंही काळ्या पिशव्या फुटपाथवर आणि उंदीर असंच होतं म्हणे?

जर्सीतला_वऱ्हाडी
हो. १ मार्च २०२४ पासून सगळ्या धंद्यांना झाकणाच्या डब्यातच कचरा बाहेर ठेवायची सक्ती झाली. एवढं श्रीमंत शहर, साध्या डब्यापर्यंत यायला इतकी वर्षं लागली. उंदरांवर मात्र कोणाचं नियंत्रण नाही.

इतवारीचा_उधारखाता
तेलाचं कोणी नाही बोललं. तळणाचं जुनं तेल काय करता तर्रीभाऊ? आमच्या इकडे काही लोक ते ठेल्यावाल्यांना विकतात, ते चूक आहे.

सदरची_सुगरण
चूक कसलं, गुन्हा आहे तो. एफएसएसएआयचा नियम आहे, तेलातले एकूण ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवलं की वाढतात ते) २५ टक्क्यांवर गेले की ते खाण्यासाठी वापरायचं नाही. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणाला वापरणाऱ्यांनी नोंदवही ठेवायची. ते तेल बायोडिझेलसाठी गोळा करणारे अधिकृत लोक असतात, पैसे देऊन नेतात आणि पावतीही देतात. मी अन्न परवान्याच्या प्रशिक्षणात शिकले. तुमच्या सिंकमध्ये ओतलंत तर पहिल्यांदा तुमचाच पाइप तुंबेल, मग गटार, मग नाग नदी.

तर्री_झणझणीत
सगळ्यांचे आभार. वजनं केली. मंगळवार-बुधवार पन्नास-साठ किलो. शनिवार-रविवार हॉलमध्ये पंगत असली की शंभराच्या बरंच वर. कबाड्याचा माल धरून. म्हणजे कधी अलीकडे, कधी पलीकडे. सीए आणि गल्लीवाले, दोघंही आपापल्या वाराला बरोबर!

ठरवलं असं. पंगतीची बुकिंगं वाढतायत, तेव्हा नोंदणी करून टाकतो. शनिवारी मोठा आणि मंगळवारी छोटा असं सांगत बसण्यात अर्थ नाही. कबाड्याला चलानबुक छापून दिलं, आधी घाबरला, मग म्हणाला 'माझ्या नावाचा शिक्का बनवू का?' टेम्पोवाल्याला उकळण्याचं विचारलं. तो म्हणाला उकळतो, कधी कधी. त्याच्याकडचं बंद करतोय. पण त्याला तोडायचं नाही, ड्रम धुवून तो आमचा ओला कचरा मेसवाल्या ताईंसारख्या एखाद्या बायोगॅसवाल्याकडे पोचवेल का, यावर बोलणं चालू आहे. त्याच्याकडे गाडी आहे, ड्रम आहेत, रात्री यायची तयारी आहे. हे काम करायला आणखी काय लागतं?

कागदी_घोडा
अधिकृत असल्याचा कागद लागतो. महापालिकेच्या घनकचरा विभागात त्याच्या नावाने अर्ज करायला लावा, तुम्ही आणि आणखी दोन-तीन हॉटेलवाले त्याला गिऱ्हाइक म्हणून सह्या द्या. जिथे उतरवणार त्या बायोगॅसवाल्याचं संमतिपत्र जोडा. आणि कागद येईपर्यंत वही चालू ठेवा, वजन, वेळ, गाडी नंबर. हॉलसाठी अजून एक. परवाना नसलेल्या जागी, समजा मोकळ्या मैदानावर मंडप टाकून, १०० च्या वर माणसांचा कार्यक्रम केला तर कामकाजाचे तीन दिवस आधी महापालिकेला कळवायचं, असं २०१६ पासून नियमांत आहे. तुमच्या हॉलला ते नको, पण बाहेरच्या ऑर्डरी घेत असाल तर यजमानाला आधीच सांगून ठेवा.

मेसवाली_ताई
टेम्पो आमच्याकडे आला तर घेऊ, रोज साठ-सत्तर किलोपर्यंत टाकीत मावेल. पण हाडं नको, लिंबं नको, आणि पत्रावळी चुकूनही नको.

नवखा_७१
उशिरा आलो. माझं शहाळ्याचं दुकान आहे. रोज ढीग पडतो, घंटागाडीवाले नाही म्हणतात, कबाडी नाही म्हणतो. हे ओल्यात की सुक्यात?

मेसवाली_ताई
कायद्याने ओल्यात, पण बायोगॅस किंवा साध्या मशीनमध्ये टाकू नका, धागे पात्याला गुंडाळतात आणि मोटर जळते. चार फोडी करून उन्हात वाळवा. मग कॉयर (काथ्या) काढणारा किंवा भट्टीवाला नेतो. आमच्या ओळखीचा एक कुंभार नेतो पावसाळा सोडून.

नवखा_७१
पावसाळ्यात काय करायचं मग?

बर्डीचा_बाप्पा
पावसाळ्यात कोन पिते बे शहाळं!

नवखा_७१
डेंग्यूच्या सीझनला सगळ्यात जास्त खप असतो दादा. सीरियसली विचारतोय.